मडके कोणी टांगले?

आमच्या घरी पक्ष्यांची जोडी आली ती 2021 च्या नाताळात. बाजारात त्यांना सरसकट ‘लव्ह बर्ड’ म्हणतात, पण त्यांचे खरे नाव बजरीगर. हा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या माळरानावरचा लहानसा पोपट. 1840 मध्ये जॉन गूल्ड यांनी तो जिवंत इंग्लंडला नेला, आणि पुढे तो जगभर घरोघरी पोहोचला. आपल्याकडचा हिरवा पोपट पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. (आपल्यांतल्या काही घरांत अजून तो मिरची खात बसलेला दिसतो, हे सांगणे भाग आहे.) बजरीगर पाळायला मात्र आडकाठी नाही. चोचीच्या मुळाशी निळे असेल तो नर, तपकिरी असेल ती मादी, एवढ्या ज्ञानावर आम्ही पक्षिपालक झालो.

2022 च्या जूनमध्ये धाकटीच्या हट्टामुळे आम्ही पिंजऱ्यात, बाजूला भोक पाडलेले मातीचे मडके टांगले. मडके किंवा पेटी नसेल तर ही जोडी सहसा अंडी घालत नाही. रानात पाऊस पडतो, गवताला दाणा येतो, मग हे पक्षी झाडाच्या ढोलीत संसार मांडतात. घरात दाणा रोजचाच असतो. म्हणजे त्यांचा पाऊस आमच्या हाती होता.

एक दिवसाआड एक, अशी पाच अंडी आली. आई पहिल्या अंड्यापासूनच बसली आणि अठराव्या दिवशी पहिले पिलू निघाले. शेवटचे निघाले तेव्हा थोरले आठवड्याहून मोठे होते. त्या धाकट्याला भावंडांच्या गर्दीत घास मिळेना, तिसऱ्या दिवशी ते गेले. चौघे मात्र पाच आठवड्यांत मडक्याबाहेर आले. शब्बाथ शाळेची मुले पाहायला येत, आणि आम्ही जणू आमचाच पराक्रम असावा तसे सांगत असू. दुसऱ्या खेपेस सहा अंडी झाली.

दोन खेपांनंतर मडके काढावे, मादीला काही महिने विसावा द्यावा, असे जाणते लोक सांगतात. आम्हांला ते ठाऊक होते. पण मंडळीतल्या तीन कुटुंबांना आम्ही पिलांचा शब्द दिला होता. मडके राहिले. अंड्याच्या कवचाला लागणारा चुना मादीच्या अंगातून जातो आणि राळ्या-बाजरीत तो फारसा नसतो, म्हणून पिंजऱ्यात समुद्रफेसाचा तुकडा ठेवतात. आमचा तुकडा संपला होता आणि नवा आणायचा राहून गेला. तिसऱ्या खेपेचे दुसरे अंडे अडले. सकाळी ती पिसे फुलवून तळाशी बसलेली दिसली. जनावरांच्या डॉक्टरांकडे नेईपर्यंत ती गेली होती.

आता प्रश्न असा, की हे पाप झाले काय? मंडळीतले एक वडील म्हणाले, “पक्षी तो. देवाने मनुष्याला प्राण्यांवर सत्ता दिली आहे, आणि अंडी तर तिने आपखुशीने घातली.” आम्हांला हे पटले असते, तर बरे वाटले असते.

पण अनुवादाच्या 22 व्या अध्यायात घरट्याविषयी एक लहानसा नियम आहे. वाटेत घरटे सापडले तर पिले घेण्याची मुभा आहे, आईला मात्र सोडून द्यायचे आहे. पुष्कळदा आपण हा नियम वाचतो आणि पुढे जातो. त्यात पिले घेऊ नका असे म्हटलेले नाही. सत्ता आहेच, पण हात कुठे थांबवायचा तेही तिथेच सांगितले आहे. आम्ही आईलाही घेतले. ‘आपखुशी’चे म्हणाल, तर मडके समोर असता पुरे म्हणणे त्या जिवाला जमत नाही. पुरे म्हणू शकणारे त्या घरात आम्हीच होतो, आणि आम्ही तीन घरांना दिलेला शब्द मोजत होतो.

ज्यांना जोडी लावायची आहे त्यांनी मादी वर्षाची झाल्याविना मडके टांगू नये, समुद्रफेस संपू देऊ नये आणि पिले कुठे जाणार ते आधी ठरवावे. एकाच खेपेच्या भावंडांची जोडी तर लावूच नये.

शब्बाथ शाळेतल्या एका मुलीने आम्हांला विचारले, “पण ते मडके तुम्हीच टांगले होते ना?” आम्ही हो म्हणालो. नर अजून आहे. धाकटी त्याला नवी जोडीदारीण आणू या म्हणते. मडके आम्ही धुऊन माळ्यावर ठेवले आहे, आणि तिला अजून उत्तर दिलेले नाही.