मोलाचा माणूस

२९ डिसेंबर २०२४ ला पुण्यात बालेवाडीला प्रो कबड्डीच्या अकराव्या हंगामाची फायनल झाली. हरियाणा स्टीलर्सने पाटणा पायरेट्सला ३२-२३ असं हरवलं. हरियाणाच्या बचावाचा कणा होता इराणचा मोहम्मदरेझा शादलुई. हाच शादलुई दहा महिन्यांपूर्वी, १ मार्चला, हैदराबादेत पुणेरी पलटणच्या जर्सीत याच हरियाणाविरुद्ध फायनल खेळला होता. पुण्याने ती २८-२५ अशी जिंकली आणि पहिल्यांदाच करंडक उचलला. म्हणजे मार्चमध्ये ज्यांना हरवलं, त्यांनाच त्याने डिसेंबरमध्ये जिंकून दिलं, आणि तेही पुण्याच्याच मैदानावर.

आमच्या शिरपुरात कबड्डी मोबाइलवर बघणारे पुष्कळ. त्या रात्री आमच्या ग्रुपवर एका मित्राने अहिराणीत लिहिलं, ‘पैसा लिसनी खेयस, तो काय आपला शे?’ खाली हसणारे इमोजी पडले आणि विषय संपला. माझ्या डोक्यात मात्र तो प्रश्न राहिला. पैसे घेऊन आपल्यासाठी खेळणारा माणूस आपला असतो का?

आधी शादलुईचा हिशेब नीट मांडू. ७ ऑक्टोबर २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारत आणि इराण यांची कबड्डीची फायनल झाली. नियमावरून एवढा वाद पेटला की सामना बराच वेळ थांबला; शेवटी भारत ३३-२९ असा जिंकला. शादलुई इराणकडून खेळत होता. नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार भारताच्या संघात होता. दोनच दिवसांनी प्रो कबड्डीचा लिलाव सुरू झाला आणि पुणेरी पलटणने शादलुईला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. त्याचा कर्णधार कोण? अस्लम इनामदार. दोन दिवसांपूर्वीचे प्रतिस्पर्धी आता एकमेकांचा हात धरून साखळीत उभे राहणार होते. तसे ते राहिले आणि जिंकलेही.

मग तो पुणं सोडून का गेला? इथे आपण एक गोष्ट सोयीने विसरतो. पुढच्या हंगामाआधी पुण्याने त्याला कायम ठेवलं नाही. तो लिलावात आला आणि हरियाणाने २ कोटी ७ लाख मोजले. ‘पैशासाठी गेला’ हे वाक्य आपण खेळाडूबद्दल पटकन म्हणतो. ‘पैशासाठी सोडला’ असं संघाबद्दल कोणी म्हणत नाही. तिथे आपण ‘स्ट्रॅटेजी’ म्हणतो.

हे फक्त कबड्डीचं नाही. अमेरिकेत एनबीएचे संघ ३० आणि प्रत्येक संघात जागा साधारण १५. बाकीचे शेकडो चांगले बास्केटबॉलपटू तुर्कस्तान, चीन, फिलिपिन्स असे देश हिंडत पोट भरतात. फिलिपिन्समध्ये अशा खेळाडूला सरळ ‘इम्पोर्ट’ म्हणतात, परदेशातून मागवलेल्या मालासारखं. त्याने सामना जिंकून द्यायचा. नाही दिला तर स्पर्धा चालू असतानाच त्याच्या जागी दुसरा येतो. क्वचित कोणी रुजतो. एनबीएतून बाहेर पडलेला स्टीफन मार्बरी चीनमध्ये गेला, बीजिंगच्या संघाला २०१२, २०१४ आणि २०१५ अशी तीन जेतेपदं मिळवून दिली आणि त्या शहराने त्याचा पुतळा उभारला. पण सगळ्यांना मार्बरीच्या मापाने मोजणं बरोबर नाही. पुतळा होण्याइतकं प्रेम करावं, असं कुठल्याही करारात लिहिलेलं नसतं.

‘पलटण’ हा शब्दच मुळात पगारी फौजेचा. आणि पगारी शिपायाच्या निष्ठेबद्दल मराठी इतिहासात एक शब्द आहे, ‘गारदी’. त्या एका शब्दात दोन अगदी उलट्या गोष्टी आहेत.

पहिला गारदी इब्राहिमखान. आधी निजामाकडे नोकरीला होता, फ्रेंच पद्धतीची कवायती फौज आणि तोफखाना चालवायचा. सदाशिवरावभाऊंनी त्याला पगारावर घेतलं. जुन्या गनिमी काव्याच्या सरदारांना तो खुपत होता. समोर अब्दाली, म्हणजे त्याच्याच धर्माचा बादशहा. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर त्याच्या पलटणींनी रोहिल्यांची दाणादाण उडवली आणि त्यातले बहुतेक तिथेच कापले गेले. तो जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला आणि मारला गेला.

दुसरा गारदी सुमेरसिंग. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात त्याने आणि त्याच्या माणसांनी नारायणराव पेशव्याला मारलं. हेही पगारी आणि त्यांचा पगार थकलेला. पण त्यांना हाताशी कोणी धरलं होतं? नारायणरावाच्या सख्ख्या काकाने, राघोबादादाने. ‘ध’चा ‘मा’ कोणी केला यावर हवं तेवढं भांडता येईल, कट शिजला तो घरातच. मारेकरी भाड्याचे होते आणि दगा रक्ताच्या नात्याचा होता.

म्हणून मला वाटतं, पगारी की बिनपगारी यावरून निष्ठा ठरत नाही. ती शब्द पाळण्यावरून ठरते. दगा आणि सोडून जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्याच्या जर्सीत असताना शादलुईने मुद्दाम पकड सैल सोडली असती, तर तो दगा झाला असता. हंगाम संपल्यावर दुसरी जर्सी घालणं हा दगा नव्हे.

माझ्या मित्राची बाजूही पोकळ नाही. तो म्हणेल, इब्राहिमखान जिवानिशी गेला, शादलुईचं काय गेलं? हरलं तर दुःख पुण्याच्या पोराला होणार, हा पुढच्या वर्षी तिसरीकडे. खरं आहे. मुदतीची निष्ठा मुदतीपुरतीच असते. पडत्या काळात गाव धरून राहायला मुदत नसलेली माणसं लागतात, आणि त्यांचं ऋण कुठल्याही लिलावात फिटत नाही. पण म्हणून मुदतीच्या माणसाने मुदतीत गाळलेला घाम खोटा ठरत नाही.

आमच्याच तालुक्यात बघा. नाले खोल करून त्यांवर बंधारे बांधायचा ‘शिरपूर पॅटर्न’ ज्यांनी उभा केला, ते सुरेश खानापूरकर सरकारी भूजल खात्यातून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक. तापीकाठचा गाळ आणि त्याखालचा काळा खडक पाणी कसं मुरू देतो हे त्यांना कळत होतं, म्हणून काम झालं. विहिरीला पाणी आलं तेव्हा हा माणूस मूळचा कुठला, असं पाण्याला कोणी विचारलं नाही.

आता खरी अडचण सांगतो. शिरपूरकराला पुण्यापेक्षा सुरत जवळ. खानदेशातली किती घरं सुरतेच्या लूमवर जगली याची गणती नाही. माझे काका त्यांतलेच. वीस-बावीस वर्षं एकाच कारखान्यात रात्रपाळी केली. कारखाना बंद पडला तेव्हा हिशेब मागायला गेलेल्या या माणसांना ऐकावं लागलं, ‘तुम तो बाहर के हो.’ काकांना सुरतेने पुतळा उभारायला नको होता. वीस वर्षांची मोजदाद हवी होती. आता शादलुईला ‘पैसे घेतो, तो कसला आपला’ म्हणायचं, तर तेच वाक्य काकांनाही लागू होतं. ते मला मान्य करता येत नाही.

आणि मग ते मला माझ्या शेतातही मान्य करता येत नाही. कापूस वेचायला सातपुड्याच्या पायथ्याकडून आणि सीमेपलीकडून, सेंधव्याकडून पावरा बाया-माणसं येतात. किलोवर मजुरी. दिवाळीनंतर दुसऱ्या रानात जास्त भाव मिळाला की तिकडे जातात, आणि आपल्याकडे ओट्यावर बसून कोणीतरी म्हणतंच, ‘या लोकांना काही इमान नाही.’ इमान कशाचं? आपण त्यांच्याशी मुदतीच्या पलीकडचं कुठलं नातं ठेवलं? उन्हाळ्यात त्यांच्याकडे काय शिजतं, हे आपण कधी विचारलं? जे नातं आपण दिलंच नाही, त्याची परतफेड मागणं ही वसुली आहे.

मराठीत ‘मोल’ म्हणजे मजुरी आणि ‘मोल’ म्हणजे किंमत, योग्यता. मोलमजुरी करणारा आणि मोलाचा माणूस यांना आपल्या भाषेने एकच शब्द दिला. आपण मात्र एकाला हिशेबात ठेवतो आणि दुसऱ्याला हारतुऱ्यात.

बाराव्या हंगामासाठी गुजरातने शादलुईला २ कोटी २३ लाखांना घेतलं आणि कर्णधारही केलं. तो पुण्याविरुद्ध उतरला की मी पुण्याच्याच बाजूने ओरडणार, त्यात बदल नाही. पण त्याने आपल्या चढाईपटूचा घोटा धरून त्याला रेषेच्या अलीकडे झोपवला, तर तेव्हा टाळीही वाजवणार. २०२४ चा आपला करंडक त्याने याच हातांनी आणला होता. त्याचे पैसे आपण चुकते केलेत. टाळी अजून बाकी आहे.