वस्तरा तोच राहतो का?

इंग्लंडमधल्या शेफील्डमध्ये दीडशे वर्षांपूर्वी घडवलेला वस्तरा आज जुन्या बाजारात सापडतो, तेव्हा त्याने दाढी होण्यासारखी नसते. पात्यावर तांबूस गंज चढलेला, धारेजवळ बारीक खड्डे, शिंगाच्या मुठीला तडे. त्याला पुन्हा कामाला लावणारा कारागीर मुठीचे पितळी खिळे काढतो, गंज उतरवतो, मूठ टिकणारी नसेल तर नवी बसवतो आणि खड्ड्यांच्या मागचे निकोप पोलाद लागेपर्यंत पाते दगडावर घासतो. काम संपते तेव्हा मूठ नवी असते, खिळे नवे असतात. धार तर सर्वांत नवी. जे पोलाद आता केस कापणार, ते कालपर्यंत पात्याच्या पोटात होते. त्याने आजवर एकही केस कापलेला नाही. मग हा तोच वस्तरा म्हणायचा का?

प्रश्न जुना आहे. अथेन्सच्या लोकांनी पुराणकथेतल्या थीसियस या वीराचे जहाज जपताना कुजलेल्या फळ्या बदलत नेल्या आणि ते जहाज तेच की दुसरे, यावर तत्त्वज्ञांत वाद पडला, असे ग्रीक लेखक प्लुटार्कने नोंदवले आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला रथाविषयी विचारतो: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? भाग एकत्र आले की व्यवहारापुरते ‘रथ’ हे नाव पडते, त्यापलीकडे रथ म्हणून वेगळे काही नाही, असे त्याचे म्हणणे. (बौद्ध भिक्खूने जवळ बाळगायच्या आठ वस्तूंमध्ये वस्तराही येतो.) न्याय-वैशेषिक तत्त्वज्ञांना हे पटले नाही. त्यांनी अवयवांहून वेगळा असा अवयवी, म्हणजे पूर्ण वस्तू, मानला. पण त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली: एखादा अवयव गेला तरी जुना अवयवी नष्ट होतो आणि नवा उत्पन्न होतो. हा हिशेब लावला तर दगडावरच्या प्रत्येक घासणीत एक वस्तरा जातो आणि दुसरा जन्मतो.

दोन्ही उत्तरे तर्काला धरून आहेत. पण वस्तऱ्याची घडण तिसरेच उत्तर देते, आणि तेच अधिक खरे आहे.

स्वयंपाकघरातल्या सुरीला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तरा मात्र दगडावर सपाट ठेवतात. जाड पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. पाठीची जाडी पात्याच्या रुंदीच्या चौथ्या हिश्श्याहून थोडी जास्त असते, त्यामुळे धारेचा कोन साधारण १६-१७ अंशांचा पडतो. घासताना धार झिजते तशी पाठही झिजते. रुंदी घटते, जाडी घटते, दोहोंचे प्रमाण टिकते. वस्तऱ्याने कसे झिजावे हेसुद्धा घडवणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेले असते. म्हणून तीस वर्षे परजून अरुंद झालेला वस्तराही पूर्वीइतकाच कापतो. त्याचे वस्तरापण पोलादाच्या वजनात नाही, पाठ आणि धार यांच्या नात्यात आहे. काही जण पाठीवरचे सोनेरी नक्षीकाम झिजू नये म्हणून तिच्यावर चिकटपट्टी लावतात. हेतू चांगलाच, पण वर्षानुवर्षे तसे केले तर पाठ जाडच राहते, धार तेवढी मागे सरते आणि कोन बोथट होत जातो. शोभा वाचवताना ते नाते तुटते.

दुसरे नाते पोलादातल्या कठीणपणाचे आणि चिवटपणाचे. ते डोळ्यांना दिसत नाही. बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने १७४०च्या दशकात शेफील्डजवळ मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली आणि एकजिनसी, कठीण पोलाद हाती आले. वस्तऱ्याच्या पोलादात कार्बन एक टक्क्याच्या आसपास असतो. ते तापवून एकदम थंड केले की काचेसारखे ठिसूळ होते. मग हलक्या आचेवर पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात आणि कठीणपणा राखतात. आज घाईने दुरुस्ती करणारा तोच वस्तरा विजेच्या पॉलिश-चाकावर धरतो. पातळ धार क्षणात तापते, तिथे निळी झाक येते आणि पोलादाचे पाणी उतरते. आकार तोच, घडवणाऱ्याचा शिक्का तोच, चकाकी पूर्वीहून जास्त, पण धार एका दाढीपुरतीही टिकत नाही. एकही भाग न बदलता वस्तरा संपलेला असतो.

इथे इंग्रज कलासमीक्षक रस्किनची आठवण अटळ आहे. १८४९मध्ये त्याने लिहिले की जीर्णोद्धार म्हणजे इमारतीचा समूळ नाश. जुन्या कारागिराचा हात परत आणता येत नाही, आणता येते ती फक्त त्याची खोटी नक्कल. याच रस्किनने १८७५मध्ये शेफील्डच्या वॉकली भागात तिथल्या कामगारांसाठी संग्रहालय उघडले, कारण त्यांच्या हातातल्या कसबाविषयी त्याला आदर होता. त्या कसबाची किंमत भयंकर होती. दगडाची आणि पोलादाची धूळ छातीत जाऊन शेफील्डचे घासणारे कामगार अकाली मरत. समाजवादी विचारवंत एंगेल्सने इंग्लंडच्या कामगारांवरील १८४५च्या पुस्तकात एका स्थानिक डॉक्टरचा दाखला देऊन नोंदवले की वस्तरे घासणारे चाळीस ते पंचेचाळीस वर्षेच जगत. जुन्या पात्यावर जवळून पाहिले तर त्यांच्या चाकाच्या बारीक रेघा अजून दिसतात. चकाकीसाठी त्या पुसून टाकणे म्हणजे त्या माणसांची उरलेली एकमेव सही पुसणे. ते चूकच आहे.

तरीही रस्किनचा शब्द शेवटचा मानता येत नाही. वस्तऱ्याला हात न लावता ठेवले म्हणून तो जपला जात नाही. ओल लागली की लाल गंज पोलाद खातच राहतो. सेल्युलॉइडची मूठ असेल तर ती विघटन पावताना आम्ल वाफा सोडते आणि आपल्याच पात्याला गंज चढवते. म्हणजे काही न करणे हाही नाशाचाच एक मार्ग. शिवाय वस्तरा पाहण्यासाठी घडवलेला नव्हता.

झिजणारा वस्तरा तोच राहतो का, हा प्रश्नच अमेरिकन उद्योजक जिलेटने मिटवला. १९०३ या विक्रीच्या पहिल्या वर्षी त्याचे ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. टिकणारा भाग आणि झिजणारा भाग त्याने वेगळे केले आणि झिजणारा फेकून द्यायला शिकवले. आज महाराष्ट्रातल्या सलूनमध्ये वस्तऱ्यासारख्या दांडीत अर्धे ब्लेड बसवतात आणि दर गिऱ्हाइकाला बदलतात. आरोग्यासाठी ते योग्यच आहे. मात्र झिजूनही तेच राहणारे हत्यार त्यामुळे दुकानातून गेले आणि घरातल्या पेटीत जाऊन पडले.

तुमच्या घरी आजोबांचा असा वस्तरा असेल तर तो पॉलिशच्या चाकावर देऊ नका. तेल लावून गंज हाताने, हळूहळू उतरवा. काळे डाग राहिले तर राहू द्या, शिक्क्याला धक्का लावू नका. मूठ बदलावीच लागली तर जुनी जपून ठेवा. धार लावणाऱ्याला एकच सांगा, गरजेपेक्षा केसभरही जास्त पोलाद काढू नकोस.