नोंद कधी पुसायची?

वेल्ह्याहून केळदकडे निघालं की वाटेत पासली लागते. अशा गावात गुन्हेगारांची यादी सरकारने लावायची गरज पडत नाही. कोण कुठल्या केसमध्ये आत गेला, किती वर्षांनी सुटला, हे पारावर सगळ्यांना ठाऊक असतं. शिवाय १९६७च्या ग्राम पोलीस कायद्याने नेमलेला पोलीस पाटील असतो. गावातल्या संशयित माणसांची खबर ठाण्याला देणं हे त्याचं कामच आहे. गाव विसरत नाही, पण पूर्ण टाकतही नाही. सुटून आलेल्याला लग्नाच्या पंगतीत पान मिळतं, फक्त शेजारचा जरा सरकून बसतो. तोच माणूस पुण्यात किंवा चाकणला कामाला गेला की पार मागे राहतो आणि पुढ्यात चारित्र्य पडताळणीचा फॉर्म येतो.

शहरात पाराचं काम रजिस्टर करतं. गंभीर गुन्ह्यात दुसऱ्यांदा शिक्षा झालेल्याला सुटल्यावर आपला पत्ता आणि पत्त्यातला बदल कळवत राहण्याचा हुकूम न्यायालय देऊ शकतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ३५६ होतं, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेत ते ३९४ आहे. त्याची कमाल मुदत पाच वर्षं. २० सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, तेव्हाच तिच्यात चार लाखांहून जास्त नोंदी होत्या. ही वही फक्त तपास यंत्रणांना बघता येते. मग २०२२चा ओळख कायदा आला. बोटांचे ठसे, बुबुळं, मोजमापं घ्यायची आणि ७५ वर्षं जपायची.

पाच आणि पंचाहत्तर. या दोन आकड्यांमध्ये धर्मशास्त्राचा एक फार जुना प्रश्न अडकलेला आहे. दंड भोगून झाल्यावर माणूस कोण असतो?

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात याचं उत्तर सरळ आहे. राजाने शिक्षा केलेला पापी निर्मळ होतो आणि पुण्यवानासारखाच स्वर्गाला जातो. हिशेब तिथे संपतो. पण नववा अध्याय उघडला की त्याच ग्रंथात तापलेली लोखंडी मुद्रा दिसते. महापातक्याच्या कपाळावर डाग द्यायचा: दारू पिणाऱ्याला गुत्त्याची खूण, चोराला कुत्र्याचा पाय, ब्रह्महत्या करणाऱ्याला मुंडकं नसलेला माणूस. अशाच्या पंगतीला बसायचं नाही, त्याला मुलगी द्यायची नाही, नातेवाइकांनीही दया दाखवायची नाही. म्हणजे हातात न धरता कपाळावर वाहायचं रजिस्टरच. आणि लगेच पुढे एक सवलत आहे, ती क्वचितच कोणी सांगतं. ज्याने विहित प्रायश्चित्त घेतलं, त्याच्या कपाळाला डाग लावायचा नाही, त्याच्याकडून भारी दंड घ्यायचा.

पासलीहून पुढे केळद, तिथून मढे घाट उतरला की खाली महाड तालुका. त्याच महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली, आणि ते योग्यच झालं. तिचा न्याय जातीच्या उतरंडीवर उभा आहे, एकाच गुन्ह्याला वर्ण बघून शिक्षा बदलते. ती आदर्श म्हणून पुढे करायचं कारण नाही. पण इतक्या कठोर ग्रंथालाही डाग आणि पश्चात्ताप एका कपाळावर नांदत नाहीत हे कळलं होतं, एवढं नोंदवून ठेवायला हरकत नसावी.

प्रायश्चित्त म्हणजे गुपचूप गंगेत डुबकी, असंही नव्हतं. ब्रह्महत्या करणाऱ्याने बारा वर्षं रानात झोपडी करून राहायचं, कवटी खूण म्हणून वागवायची, भिक्षा मागताना दारोदार आपलं कृत्य सांगायचं. याज्ञवल्क्य स्मृतीतही हेच आहे. आपल्या गुन्ह्याची जाहिरात स्वतःच्या तोंडाने! अमेरिकेत शिक्षा झालेल्याचं नाव, फोटो, पत्ता वेबसाइटवर टाकतात, त्यापेक्षा हे सौम्य नव्हे. फरक शेवटात आहे. बारा वर्षं भरली की कवटी खाली ठेवायची. शास्त्राने बहिष्काराचा विधी सांगितला तसा परत घेण्याचाही सांगितला. पतिताच्या नावाने घडा लाथाडायचा, आणि तो शुद्ध होऊन आला की आप्तांनी त्याच्याबरोबर स्नान करून पाण्यात नवा घडा सोडायचा.

बौद्ध परंपरेने हा पेच जास्त प्रामाणिकपणे मांडला आहे. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये अंगुलिमालाला जागा दिली, त्यामुळे महाराष्ट्रात ही कथा घरोघरी पोचली. बुद्धाने त्या खुनी दरोडेखोराला संघात घेतलं आणि प्रसेनजित राजानेही हात आखडता घेतला. कथा बहुतेकदा इथेच थांबवतात. पुढचा भाग अवघड आहे. भिक्षा मागायला गेलेल्या अंगुलिमालावर दगड पडले, डोकं फुटलं, पात्र फुटलं. बुद्ध त्याला सोस म्हणाले. लोकांना दोष दिला नाही, दगड मारणाऱ्यांना उपदेश करायला धावलेही नाहीत.

विनयपिटकातला महावग्ग तर त्याहून पुढे जातो. लोक अंगुलिमालाला बघून घाबरतात, दारं लावून घेतात, तेव्हा कुख्यात दरोडेखोराला यापुढे प्रव्रज्या देऊ नये असा नियम होतो. मागोमाग आणखी नियम येतात: तुरुंग फोडून आलेला नको, डाग दिलेला नको, आणि ज्याचं नाव राजाच्या दरबारी लिहून ठेवलंय असा ‘लिखितक’ चोरही नको. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेत हा सरकारी यादीतला माणूस सापडतो. करुणेवर उभ्या असलेल्या संघानेही गृहस्थांची भीती खरी मानली. पण अंगुलिमालाला काढून टाकलं नाही. नियम पुढच्यांना लागला, आत आलेला आतच राहिला आणि अर्हत झाला.

भीती खरी असते, हे यादीला विरोध करणारे फार पटकन विसरतात. प्रायश्चित्ताच्या ग्रंथांत सगळी काळजी पाप्याच्या शुद्धीची; ज्याचं माणूस गेलं, जिच्यावर बळजबरी झाली, त्यांचा आवाज अगदी क्षीण. आधुनिक नोंदवही त्या बाजूने आली. मिनेसोटात १९८९ साली जेकब वेटरलिंग या ११ वर्षांच्या मुलाचं अपहरण झालं. १९९४च्या अमेरिकी कायद्याला त्याचंच नाव आहे, आणि त्यासाठी त्याची आई पॅटी झटली. पुढे याद्या फुगत गेल्या, अल्पवयीन मुलंही त्यांत ओढली गेली, तेव्हा हे फार झालं असं जाहीरपणे म्हणणाऱ्यांतही ती होती. तिचं म्हणणं कोणत्याही कायदेपंडितापेक्षा वजनदार मानायला हवं.

भारतात यादीचा सर्वांत वाईट अनुभव तर गुन्हा न केलेल्यांना आला. भोरजवळच्या उत्रोळीत डिसेंबर १८३१मध्ये रामोशांचे पुढारी उमाजी नाईक पकडले गेले आणि ३ फेब्रुवारी १८३२ला पुण्यात फासावर गेले. ज्या रामोशांनी पिढ्यान्‌पिढ्या गावं आणि गड राखले, ते इंग्रजी दप्तरात संशयित ठरले. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पुढची पायरी गाठली. जन्म हाच गुन्ह्याचा पुरावा, नाव रजिस्टरात, हजेरी ठाण्यात, गाव सोडायला पास. मुंबई इलाख्यात १९११नंतर हे लोण पसरलं आणि सोलापुरात तारेच्या कुंपणाची सेटलमेंट उभी राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा गेला. महाराष्ट्रातल्या चौदा विमुक्त जातींत रामोशी आहेत. पण १९५९मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि संशय नव्या नावाने नांदत राहिला. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर ३ ऑक्टोबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या रजिस्टरांतला जातीचा रकाना काढायला सांगितला. यात कोणाच्या प्रायश्चित्ताचा प्रश्नच नव्हता. प्रायश्चित्त घ्यायचं तर सरकारने.

या सगळ्यातून एक गोष्ट तरी ठरवता येते. बालकांवर अत्याचार केलेल्याची नोंद पोलिसांकडे असावी, ती गावभर लागू नये आणि तिला मुदत असावी. मुदत आपोआप संपू नये, सुनावणी होऊन संपावी, आणि त्या सुनावणीत पीडितेला किंवा तिच्या घरच्यांना बोलायचा हक्क असावा. हे फार धाडसी मागणं नाही. परिवीक्षेवर सोडलेल्याला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू नये, असं १९५८च्या कायद्याचं कलम १२ सांगतं. २०१५चा बाल न्याय कायदा तर बहुतेक मुलांच्या गुन्ह्याच्या नोंदी ठरावीक काळाने नष्टच करायला लावतो. घृणास्पद गुन्ह्यात प्रौढासारखा खटला चाललेला सोळा वर्षांवरचा मुलगा त्याला अपवाद. औंध संस्थानाने तर १९३९मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून आलेल्या या वसाहतीत खुनाची शिक्षा झालेले कैदी भिंतीशिवाय शेती करू लागले. ‘दो आँखें बारह हाथ’ची प्रेरणा तीच. प्रौढ कैद्यावर एवढा भरवसा टाकणाऱ्या मुलखात, शिक्षा भोगलेल्या माणसाने आपली नोंद पुसायला अर्ज कोणाकडे करायचा, याचा रकाना मात्र कुठल्या फॉर्मवर नाही.