चांगले काम म्हणजे काय?



उत्तनचा एक तरुण सुट्टीत घरी आला की आम्हांला भेटल्याशिवाय राहत नाही. इंजिनिअरिंग करून तो एका कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर झाला आहे. वेफर्स, बिस्किटे, मसाले यांच्या पाकिटांना लागणारी चंदेरी फिल्म तिथे तयार होते. मागच्या खेपेस तो प्रश्न घेऊनच आला. "फादर, मी करतो ते काम चांगले आहे का?"

त्याचे वडील डोल लावतात. बोंबील आणि जवळ्याबरोबर जाळ्यातून किती प्लॅस्टिक निघते, हे उत्तन-पालीच्या लोकांना सांगायला नको. एके सकाळी बापाने त्या ढिगातून पाकिटाचा तुकडा उचलला आणि हसत विचारले, "हे तुझेच का रे?" मुलाने तुकडा उजेडात धरला. खाऱ्या पाण्याने ॲल्युमिनियम जागोजाग खाल्ले होते, प्लॅस्टिक मात्र शाबूत होते. बाप ते विसरून गेला. मुलाला त्या रात्री झोप आली नाही.

त्याचे काम आधी समजून घेऊ. सुमारे १२ मायक्रॉन जाडीची, म्हणजे आपल्या केसाहून कितीतरी पातळ, पॉलिएस्टर फिल्म मोठ्या यंत्रात ठेवून आतली हवा काढून घेतात. खाली ॲल्युमिनियमची तार तापवून तिची वाफ करतात. वरून थंड रुळावरून फिल्म मिनिटाला शेकडो मीटर धावते आणि वाफ तिच्यावर गोठते. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतल्या सुमारे ४० भागांएवढा तो थर! वेग किंवा उष्णता जरा चुकली की फिल्म जळते, नाही तर थराला बारीक छिद्रे पडतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत; पाकिटातला माल मऊ पडल्यावर कळतात. हे सारे ताळ्यावर ठेवणे हे त्याचे काम. एवढ्याशा थराने आत शिरणारा ऑक्सिजन ५० ते १०० पटींनी घटतो, अन्न महिनोन्महिने टिकते, आणि फॉइलच्या मानाने धातू दीडशे पटींनी कमी लागतो. यात वाईट काय?

पण हीच फिल्म पुढे दुसऱ्या प्लॅस्टिकला चिकटवतात. ते थर पुन्हा सुटे करणे परवडत नाही, म्हणून भंगारवाला अशा पाकिटाला हात लावत नाही. २०१६ च्या केंद्रीय नियमांत पुनर्वापर न होणारी बहुस्तरीय पाकिटे दोन वर्षांत बंद करायचे ठरले होते. २०१८ च्या दुरुस्तीने, ज्यांतून ऊर्जाही मिळत नाही आणि ज्यांचा दुसरा उपयोगही नाही, अशांपुरतेच ते कलम उरले. पाकिटे राहिली.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनसने केलेला एक भेद आम्ही पाठ केला होता. ॲरिस्टॉटलच्या मागून जात तो शिकवतो की, वस्तू नीट घडवण्याची बुद्धी वेगळी आणि नीट वागण्याची बुद्धी वेगळी. खुर्ची भक्कम असली तर सुतार कसबी, एवढेच कळते. माणूस कसा, ते खुर्ची सांगत नाही. आमच्या तरुणाची फिल्म चांगली आहे, हे प्रयोगशाळेतले यंत्र सांगते. त्याला पुढचे विचारायचे होते.

दुसऱ्याच्या चुकीत आपला हात किती, हे पाहताना नीतिशास्त्र दोन गोष्टी विचारते. ती चूक आपल्याला हवी होती का? आणि आपण तिच्या किती जवळ होतो? समुद्र घाण व्हावा असे त्याला कधीच वाटले नाही. त्याच्या आणि समुद्राच्या मध्ये कंपनी आहे, दुकान आहे, गटार आहे. भाईंदर सोडल्यावर गाडीतून खाडीत पाकीट भिरकावणारा प्रवासी त्याच्याहून फार जवळ आहे. आम्ही त्याला तसे सांगितले. त्याचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर आमचेही नाही.

कारण दोष आणि जबाबदारी एक नव्हेत. दोष मागे पाहून ठरतो. जबाबदारी विचारते, तुला काय ठाऊक आहे आणि तुझ्या हातात काय आहे? पाकीट फेकणाऱ्याला थरांचे काही ठाऊक नसते. याला ठाऊक आहे. एकाच जातीच्या प्लॅस्टिकची, पुन्हा वितळवता येणारी पाकिटे करता येतात, हेही ठाऊक आहे. पण ती मऊ फिल्म उष्णतेने ताणली जाते, यंत्र हळू चालवावे लागते, उत्पादन घटते. त्याचा बोनस त्या उत्पादनावर ठरतो, आणि घरी होडीचे कर्ज आहे.

"मग नोकरी सोडू का?" त्याने विचारले. "मी नाही तर दुसरा करील" या सबबीने जगात पुष्कळ पापे झाकली आहेत. ती आम्ही त्याला दिली नाही. अन्न टिकवणे हे काम मुळात वाईट नाही, म्हणून तिथे राहण्यात पाप नाही, असे आम्ही म्हणालो. परंतु जे ठाऊक आहे ते बोलायचेच नाही, असे ठरवून राहिलास, तर ते राहणे सरळ उरणार नाही. जाणकाराने गप्प बसणे हीसुद्धा एक कृती असते.

तो परत गेला. मीटिंगमध्ये त्याने हळू वेगाची एक चाचणी मागितली. "दिवाळीनंतर पाहू," असे उत्तर मिळाले. तो पुन्हा विचारणार आहे.

आणि आपण? गेल्या सणानंतर चर्चच्या मैदानावरून चंदेरी पाकिटांची दोन पोती आम्ही स्वतः उचलली. त्यांच्या जवळ तो तरुण नव्हता, आपण होतो. येत्या सणाला स्टॉलवर चणे-शेंगदाणे कागदाच्या पुडीत द्यावेत, अशी आमची सूचना आहे. ज्यांना ही गैरसोय वाटेल त्यांनी मिस्सानंतर आम्हांला जरूर भेटावे.