खर्जाची निवड

गेल्या श्रावणात भाच्याच्या खोलीत काढलेल्या एका रात्रीने माझ्यापुढे एक प्रश्न उभा केला. तो प्रश्न मी आजवर वेदान्तावरील ग्रंथांतच वाचीत आलो होतो. संगणकाच्या पडद्यावर, ध्वनींच्या एका लांबलचक यादीच्या रूपाने तो मला भेटेल अशी कल्पनाही मी कधी केली नव्हती. भाचा हिप-हॉपचे बीट तयार करतो आणि त्याचा एक मित्र त्यांवर मराठीत रॅप म्हणतो. त्या रात्री तालाचा मूळ ठोका, ज्याला ही मंडळी किक म्हणतात, तो ठरला होता, मित्राचा आवाज मुद्रित होऊन आला होता, आणि राहिला होता तो केवळ बेस. म्हणजे सगळ्या रचनेच्या तळाशी राहून तिचा भार वाहणारा खर्जातला स्वर. सिंथमध्ये, म्हणजे ध्वनी घडविणाऱ्या वाद्यात, अशा बेसचे शेकडो तयार प्रीसेट होते. एकेक उघडावा, तीच ती चार स्वरांची ओळ वाजवावी, मान किंचित कलती करून ऐकावे आणि पुढच्याकडे जावे, असा क्रम साडेदहाला सुरू झाला तो दीड वाजला तरी संपेना. तेव्हा मी विचारले, "अरे, इतके तयार आवाज हाताशी असताना तुझे अडते कुठे?" तो म्हणाला, "मामा, तिथंच तर अडतंय. सगळंच तयार आहे, मग यात माझं काय?"

'यात माझे काय?' हा प्रश्न त्या तरुणाने संगीतापुरताच विचारला असला, तरी मनुष्याच्या कर्तृत्वाविषयीचा तो एक मूलभूत प्रश्न आहे. ज्याच्या वाट्याला सर्व काही आयते आले आहे, त्याला कर्ता म्हणावे काय?

प्रीसेट म्हणजे ध्वनीचा आधीच लिहून ठेवलेला दस्तऐवज होय. मूळ तरंग कोणत्या आकाराचा, फिल्टर किती उघडा, स्वर किती वेगाने उमटावा आणि किती सावकाश विरावा, या सर्वांचे आकडे त्यात नोंदलेले असतात. १९७० साली आलेल्या मिनीमूग या प्रसिद्ध वाद्याला अशी स्मृतीच नव्हती. हवा तो आवाज सापडला की वादकाला बटणांच्या जागा कागदावर रेखाटून ठेवाव्या लागत आणि दुसऱ्या दिवशी त्या चित्रावरून तो आवाज पुन्हा जुळवावा लागे. १९७८ साली प्रॉफेट-५ या वाद्याने ४० आवाज लक्षात ठेवण्याची सोय केली, आणि १९८३ साली यामाहाने डीएक्स७ हे वाद्य ३२ तयार आवाजांसह बाजारात आणले. त्याची ध्वनिनिर्मितीची पद्धत इतकी अपरिचित होती की, पुष्कळ वादकांनी नवा आवाज घडविण्याचा नाद सोडून त्या तयार आवाजांवरच संसार केला, आणि त्यांतील 'बेस १' नावाचा आवाज त्या दशकातील पाश्चात्त्य गीतांत ठिकठिकाणी ऐकू येऊ लागला. घडविणारा एक आणि वाजविणारे हजारो, ही स्थिती तेव्हापासूनची आहे.

यावर पूर्वपक्ष असा की, जो घडवितो तो कर्ता आणि जो उचलतो तो केवळ गिऱ्हाईक. यादीतून एक नाव पसंत करणे हे दुकानात कापड पसंत करण्यासारखे असून त्याला सर्जन म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे. हा पक्ष वरवरचा नाही, आणि माझ्या भाच्याच्या मनाला तोच डाचत होता. परंतु तो शेवटपर्यंत नेला तर जगात कर्ता म्हणून कोणी उरतच नाही. ख्याल गाणारा गवई राग निर्माण करीत नाही, ताल निर्माण करीत नाही, बंदिशही बहुधा गुरूकडून घेतो. आणि हा निबंध लिहिताना मी जे शब्द वापरतो आहे, त्यांतला एकही मी घडविलेला नाही. देह, कूळ, भाषा आणि काळ यांपैकी काहीही न निवडता मनुष्य जन्माला येतो. तेव्हा आयते मिळणे हा कर्तेपणाचा अभाव नसून, कर्तेपण जिथून सुरू होते ती भूमी आहे.

भूमीचा शब्द आला म्हणून सांगतो. आपल्याकडे मालकी आणि वहिवाट हा भेद फार जुना आहे, आणि 'कसेल त्याची जमीन' हे तत्त्व मान्य करून मुंबई राज्याच्या कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरविला, तेव्हा दप्तरातल्या नावापेक्षा नांगर धरणाऱ्या हाताचा हक्क श्रेष्ठ मानला गेला. नादाच्या प्रांतातही न्याय हाच आहे, आणि त्याला इतिहासाची साक्ष आहे. जपानच्या रोलँड कंपनीने १९८०च्या दशकारंभी टीबी-३०३ नावाचे एक छोटे यंत्र काढले. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी हा त्याचा हेतू होता. तो हेतू फसला आणि दोन-तीन वर्षांत उत्पादन बंद पडले. पण १९८२ साली मुंबईत, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वर्षानुवर्षे वाजविलेल्या चरणजित सिंग यांनी तेच यंत्र, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथ एकत्र जुळवून दहा रागांची एक ध्वनिमुद्रिका केली. पुढे १९८७ साली शिकागोच्या फ्युचर या तरुण मंडळींची 'ॲसिड ट्रॅक्स' प्रसिद्ध झाली. यंत्रात एक स्वरावली सतत फिरती ठेवून त्यांनी फिल्टरची बटणे हाताने पिळली, आणि त्या चिरकत्या, लवलवत्या आवाजातून ॲसिड हाउस नावाचे एक संपूर्ण संगीत जन्माला आले. मुंबईची मुद्रिका त्या वेळी दुर्लक्षित राहिली आणि २०१० साली पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा ती ऐकून जगभरचे जाणकार चकित झाले. यंत्र एकच, एका हाताने त्यातून राग काढला, दुसऱ्याने रात्रभर नाचणाऱ्या समूहाचा उन्माद. यंत्र घडविणाऱ्याच्या मनात या दोहोंपैकी एकही नव्हते. मग या नादांचे कर्तेपण कोणाच्या नावावर चढवावे? ज्यांनी ते शेत कसले, त्यांच्याच!

आपल्या शास्त्रकारांनी कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे तीन भाग सांगितले आहेत, आणि प्रीसेटचे खरे स्वरूप मला त्या विभागणीत स्पष्ट दिसते. भाच्याच्या यादीत 'रीस' या नावाचे अनेक आवाज होते. डेट्रॉइटच्या केव्हिन साँडरसन यांनी १९८८ साली 'रीस' हे नाव घेऊन एक मुद्रिका काढली. तिच्यातला बेस किंचित विजोड लावलेल्या तरंगांच्या परस्पर घर्षणाने आतल्या आत घुसळत राही. ५५ आणि ५५.५ हर्ट्झचे दोन स्वर एकत्र वाजले, तर दर दोन सेकंदांनी एकदा नाद भरून येतो आणि ओसरतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जुळत आल्या असता जे आंदोलन ऐकू येते, त्याच जातीचे हे आंदोलन. तो बेस पुढे इंग्लंडमधल्या जंगल आणि ड्रम-अँड-बेस या संगीतप्रकारांनी उचलला, आणि आज तो असंख्य सिंथच्या यादीत तयार मिळतो. म्हणजे एकाचे कालचे क्रियमाण ते दुसऱ्याचे आजचे प्रारब्ध झाले. यादीतला प्रत्येक आवाज हे कोणाचे तरी जागरण आहे, आणि जो तो निवडतो तो त्या जागरणाचा वारस होतो. वारसा स्वीकारणे म्हणजे भिक्षा घेणे नव्हे. वारशाबरोबर जबाबदारीही येते.

मग ही जबाबदारी पार कशी पाडावी? येथे मला कठोपनिषदाचे स्मरण होते. यमाने नचिकेत्याला सांगितलेला श्रेय आणि प्रेय यांतील भेद सर्वांना परिचित आहे. परंतु त्याआधी यमाने त्याच्यापुढे मांडलेल्या प्रलोभनांत हत्ती, घोडे आणि सुवर्ण यांच्याबरोबर वाद्ये घेतलेल्या रमणीही होत्या, आणि तुझे नृत्यगीत तुझ्यापाशीच असू दे, असे त्या बालकाने उत्तर दिले, हे आपण बहुधा विसरतो. त्याने नाकारला तो नाद नव्हता, नादाचा भुलवा होता. प्रीसेटच्या यादीत हा भुलवा पावलोपावली भेटतो, कारण तयार आवाज बहुधा एकट्याने वाजला असता थक्क करील असाच बांधलेला असतो: दोन्ही कानांत पसरलेला, प्रतिध्वनीने भरलेला, वरपासून खालपर्यंत सगळी जागा व्यापणारा. त्या रात्री भाच्याने प्रथम पसंत केलेला आवाज असाच होता, आणि तो ऐकून मीही भारावलो. मग त्याने किक सुरू केली, मित्राचा आवाज वर सोडला, आणि पाहता पाहता सगळे गढूळ झाले. ठोक्याची धार गेली, शब्द बुडाले. "मामा, एकटा असला की हा राजा," भाचा म्हणाला, "पण किक आली की दोघं एकाच पाटावर बसायला भांडतात." जे एकांतात मोठे दिसते ते प्रेय, आणि जे संगतीत टिकते ते श्रेय, ही व्याख्या मी कोणत्याही भाष्यात वाचली नव्हती.

म्हणून या कामातला विवेक अत्यंत व्यवहार्य आहे. आवाज एकटा ऐकू नये. किक आणि कंठ यांच्या सोबतच ऐकावा. दोन आवाजांची तुलना करण्यापूर्वी त्यांची पातळी सारखी करावी, कारण जो मोठा तो चांगला असा निवाडा कान नकळत देऊन टाकतो. हळू आवाजातही ऐकून पाहावे. कारण १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी दाखवून दिले आहे की, आवाज जसजसा लहान होतो तसतसा खर्ज आपल्या कानाला इतर स्वरांपेक्षा अधिक वेगाने दुरावतो, आणि म्हणून मोठ्या आवाजात जुळविलेला तळ घरच्या पातळीवर नाहीसा होतो. हे सर्व नियम तंत्राचे दिसतात. परंतु त्यांतील प्रत्येक नियम आपल्याच इंद्रियाची तपासणी करावयास सांगतो, आणि इंद्रियांच्या साक्षीची उलटतपासणी हेच तर विवेकाचे पहिले काम आहे.

पहाटेच्या सुमारास भाचा एका अगदी साध्या आवाजापाशी आला. शुद्ध गोल तरंगाच्या जवळचा, एकटा ऐकला तर नीरस वाटावा असा तो होता. पण किकच्या पाठोपाठ तो असा येई की, जमीनच बोलते आहे असे वाटावे. मग त्याने तीच रचना मोबाइलवर लावून फोन खिडकीत ठेवला, आणि बेस नाहीसा झाला. कारण ५५ हर्ट्झचा स्वर त्या इवल्या स्पीकरातून उमटूच शकत नाही. त्याने त्या स्वरावर थोडे सॅच्युरेशन दिले, म्हणजे ११०, १६५, २२० असे त्याच्या पटींतले वरचे उपस्वर जागे केले, आणि काय आश्चर्य, त्याच फोनमधून तो खर्ज पुन्हा ऐकू येऊ लागला. मूळ स्वर हवेत नव्हता. त्याच्या पटींवरून कानाने त्याचे अनुमान केले होते. तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार आपल्या परिचयाचा आहे. तिथे मुळापासून फांदी ऐकू येते, इथे फांद्यांवरून मूळ. धुरावरून अग्नीचे अनुमान करणाऱ्या नैयायिकाला हा दाखला खचित आवडला असता.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने 'संगीतरत्नाकर' लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवाने मंद्राचे स्थान हृदयात, मध्याचे कंठात आणि ताराचे मस्तकात सांगितले आहे. छातीशी थरथरणारा बेस ज्याने अनुभवला आहे, त्याला या वचनाचे प्रमाण वेगळे द्यावयास नको. जो स्वर सर्वांना धारण करतो तो स्वतः पुढे येत नाही. असून दिसत नाही, आणि कधी कधी नसूनही असतो. म्हणून खर्जाच्या निवडीत मिरविण्याला जागा नाही. तिथे जो स्वर इतरांना जागा देतो तोच योग्य ठरतो, आणि जो निवडणारा शेकडो मोहक आवाज सोडून देऊ शकतो तोच निवडतो. त्याग हीच निवडीची दुसरी बाजू आहे. जो काहीच सोडीत नाही त्याने काहीच निवडलेले नसते, तो केवळ यादीत हिंडत असतो.

'यात माझे काय?' या प्रश्नाचे माझे उत्तर तेव्हा असे आहे: आवाज तुझा नाही, पण तो या जागी ठेवण्याचा निर्णय तुझा आहे, शेकडो आवाजांना दिलेला नकार तुझा आहे, आणि त्या निर्णयाचे फळ ज्याच्या शब्दांना भोगावे लागणार आहे, त्या मित्राविषयीची जबाबदारी तुझी आहे. कर्तेपण याहून वेगळे काही असते असे मला वाटत नाही.

हे संगीत करणाऱ्या तरुणांना माझी एवढीच विनंती आहे की, ज्याचा कंठ त्या खर्जावर उभा राहणार आहे, त्याचा आवाज कानांत ठेवूनच यादी उघडावी, आणि एकदा निवड झाली की ती यादी निश्चयाने मिटावी.