झडप आणि ऋण

बौद्ध परंपरेत एका वाटसरूची गोष्ट आहे. रात्र पडली म्हणून तो एका ओसाड घरात थांबतो. मध्यरात्री एक पिशाच्च खांद्यावर प्रेत टाकून येतं, त्याच्या मागोमाग दुसरं. प्रेत कुणाचं यावरून दोघांची जुंपते आणि शेवटी कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्या वाटसरूलाच साक्षीला ओढतात. खरं बोललं तरी मरण आणि खोटं बोललं तरी मरण, मग खरंच बोलावं, असं ठरवून तो सांगतो, ‘पहिल्यानं आणलं.’ दुसरं पिशाच्च चिडून त्याचा हात उपटतं. ज्याच्या बाजूनं साक्ष झाली ते पहिलं पिशाच्च प्रेताचा हात काढून त्याला जोडून देतं. मग दुसरा हात, पाय, धड, डोकं. सगळं बदलून झाल्यावर दोघं मिळून वाटसरूचे उपटलेले अवयव खातात, तोंडं पुसतात आणि निघून जातात. माणूस एकटा उरतो. आईबापांनी दिलेलं शरीर तर डोळ्यांदेखत खाल्लं गेलं, मग हा बसलाय तो कोण? तो भिक्षूंकडे जाऊन विचारतो. ते म्हणतात, तुझं शरीर आधीही तुझं नव्हतंच.

नागार्जुनाच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या महाप्रज्ञापारमिताशास्त्रात ही गोष्ट येते. मूळ संस्कृत ग्रंथ आज मिळत नाही; कुमारजीवानं पाचव्या शतकाच्या सुरुवातीला केलेल्या चिनी भाषांतरात तो टिकला. साताऱ्यात संस्कृत शिकवत असताना मी ही गोष्ट अनात्मवाद समजावण्यासाठी सांगायची. मुलींना ती आवडायची, कारण तीत भुतं होती. चाळिशीत माझ्या हृदयाची डावीकडची झडप काढून तिथं कृत्रिम झडप बसवली, आणि तेव्हापासून भिक्षूंचं उत्तर मला अपुरं वाटू लागलं. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. त्या रात्री तिथं आणखी एक जण होता, त्याच्याबद्दल ते काहीच बोलत नाहीत.

आधी माझी झडप कशी गेली ते सांगते, कारण आपलं-परकं हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

कोरेगावच्या बाजूच्या आमच्या घरात दोन खोल्यांत आम्ही पुष्कळ भावंडं होतो. एकाचा घसा धरला की सगळ्यांचा धरायचा. गर्दी, ओल आणि वेळेवर न मिळालेलं औषध एवढं संधिवाताच्या तापाला पुरतं. घशात शिरणारा स्ट्रेप्टोकॉकस जंतू हृदयापर्यंत पोहोचत नाही. त्याच्या अंगावर एम-प्रथिन असतं आणि त्याची ठेवण हृदयाच्या स्नायूतल्या मायोसिन नावाच्या प्रथिनाशी मिळतीजुळती असते. जंतूला मारायला शरीर जी हत्यारं घडवतं, ती काही मुलांमध्ये त्यांच्याच हृदयावर चालतात. जंतू मरतो, घसा बरा होतो, आणि झडपेची पातळ पाती वर्षानुवर्षं जाड, आखूड, एकमेकांना चिकटलेली होत जातात. पुन्हा ताप येऊ नये म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिड्युअरचं इंजेक्शन घ्यायचं असतं. ते ज्यांनी घेतलंय त्यांना कंबरेतली ती कळ वेगळी सांगायला नको. श्रीमंत देशांतून हा आजार जवळजवळ गेला. आपल्याकडे तो अजून आहे, आणि त्याचं कारण औषधशास्त्रात शोधण्याइतकंच घरांच्या आकारात शोधावं लागतं.

म्हणजे माझ्या शरीरानं स्वतःचीच झडप परकी समजून मारली, आणि पुढे धातू-प्लॅस्टिकची झडप आली तेव्हा तिच्यावर असा हल्ला केला नाही. मॅकफार्लेन बर्नेट या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाला १९६० साली पीटर मेडावारबरोबर नोबेल मिळालं. शरीर ‘स्व’ ओळखायला शिकतं, ही मांडणी त्यांच्या कामातून रुजली. १९९४ साली पॉली मॅट्झिंगर यांनी तिला आव्हान दिलं. शरीर परकेपणा बघत नाही, धोका बघतं, असं त्यांचं म्हणणं. नाहीतर आईच्या पोटात अर्धं परकं असलेलं मूल नऊ महिने कसं राहतं? दोन्ही बाजूंचं वाचताना मला सारखं वाटत होतं की हा वाद आपल्या दर्शनांना नवा नाही. आत्म्याची हद्द कुठे संपते, हा प्रश्न प्रयोगशाळेत गेला आहे, इतकंच.

तोंडाबाबत तर ही हद्द काही केल्या आखता येत नाही. तिथं शेकडो जातींचे जंतू कायमचे वस्तीला असतात आणि प्रत्येक घासागणिक बाहेरचं जग आत येतं. त्यातले काही स्ट्रेप्टोकॉकस दातांच्या मुळाशी निरुपद्रवी राहतात, पण रक्तात शिरून कृत्रिम झडपेवर बसले तर जीव घेऊ शकतात. म्हणून दात काढण्याआधी तासभर मला दोन ग्रॅम अ‍ॅमॉक्सिसिलीन घ्यावं लागतं आणि रोज हिरड्या जपाव्या लागतात. २०१७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय दंतसंशोधन संस्थेतल्या आणि इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. हिरड्यांतल्या विशिष्ट पहारेकरी पेशी जंतूंमुळे तयार होतात असा समज होता. त्यांना आढळलं की त्या पेशी चावण्यानं तयार होतात. जंतूविरहित उंदरांतही त्या होत्या, आणि मऊ खाणं दिलेल्या उंदरांत कमी होत्या. अन्नाला आपण चावतो, त्यात हिरडीला सूक्ष्म इजा होते, आणि त्या इजेतून संरक्षण घडतं. तैत्तिरीय उपनिषद माणसाचा पहिला कोश अन्नमय मानतं. ते शिकवताना मी हे संशोधन सांगू शकले असते तर मला फार आनंद झाला असता.

आता झडपेकडे येते.

शस्त्रक्रियेआधी सर्जननी दोन पर्याय ठेवले. एक धातूची यांत्रिक झडप: टिकाऊ, पण जन्मभर रक्त पातळ करणारी गोळी. दुसरी डुकराच्या झडपेपासून किंवा गाईबैलाच्या हृदयावरणापासून केलेली, ग्लुटाराल्डिहाइडमध्ये मुरवलेली: गोळीची कटकट कमी, पण तरुण वयात बसवली तर काही वर्षांत झिजते. सासूबाई शेजारी बसल्या होत्या. गळ्यात तुळशीची माळ, कितीतरी वाऱ्या झालेल्या. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “मुक्या जनावराचं काय घालनार असतील तर आधी इचार कर, बाई. माळ तुझ्याबी गळ्यात हाय.” माझ्या वयाला डॉक्टरही यांत्रिकच सुचवत होते, तेव्हा प्रश्न तिथंच मिटला. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत घडलेली झडप माझ्या छातीत बसली आणि सासूबाईंनी विठ्ठलाला हात जोडले.

त्या झडपेची हकीगत मी पुढे मुळापासून वाचली. डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली तिचं काम सुरू झालं. आयात झडप आपल्या रुग्णांना परवडत नव्हती. एका मागून एक आराखडे फसले. एकात चकतीसाठी मानवनिर्मित नीलम वापरला होता. प्राण्यांवरच्या चाचणीत ती चकती फुटली आणि तो आराखडा सोडावा लागला. शेवटी हेन्स-२५ या कोबाल्टच्या मिश्रधातूचा सांगाडा, अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलीनची चकती आणि पॉलिस्टरची शिवायची कड असा मेळ जमला, आणि डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्यांदा माणसात बसवली गेली. हेच वलियाथन पुढे चरक, सुश्रुत आणि वाग्भट यांच्यावर ग्रंथ लिहायला बसले. २०२४ च्या जुलैत ते गेले तेव्हा मी घरी दिवा लावला. तो माझ्यासाठी पितरांचाच दिवा होता.

पण त्या हकीगतीत ज्यांची नावं नाहीत त्या मेंढ्या आहेत. झडपांची चाचणी जगभर मुख्यतः मेंढ्यांवर होते. मी जनावराची झडप नाकारून जी घेतली, तिच्या प्रत्येक सुधारणेमागे जनावरं आहेत. आणि तेवढंच नाही. शस्त्रक्रिया चालू असताना रक्त हृदय-फुप्फुस यंत्रातून फिरतं, ते गोठू नये म्हणून हेपॅरीन देतात. ते आज मुख्यतः डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढलं जातं. संध्याकाळी मी घेते ती रक्त पातळ करणारी अ‍ॅसिट्रॉमची गोळी ज्या औषधांच्या कुळातली, त्या कुळाची सुरुवात गाईंपासून आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी आलेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावानं मरू लागली. १९३३ च्या फेब्रुवारीत हिमवादळातून विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली कालवड आणि न गोठणाऱ्या रक्ताचा डबा घेऊन कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. त्या रक्तामागचं कारण शोधता शोधता काही वर्षांनी डायकुमेरॉल हे त्या कुळातलं पहिलं औषध हाती लागलं. मी जिवंत आहे त्यात त्या कालवडीचा वाटा आहे. हिरड्यांचं नवं ज्ञान उंदरांचं आहे.

हे कळल्यावर माळ काढून ठेवावी असं मला वाटलं नाही. कुणाला वाटलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही. अहिंसेचं व्रत म्हणजे आपलं शरीर निष्कलंक ठेवणं असा अर्थ घेतला, तर माझ्यासारखीचं व्रत भूल देण्याच्या टेबलावरच संपलं. मला तो अर्थ उथळ वाटतो. त्यात सगळी नजर स्वतःच्या शुद्धीवर असते, आणि जी मेली तिच्यावर नसते.

भिक्षूंशी माझा मतभेद इथंच आहे. हात, पाय, झडप यांत ‘मी’ सापडत नाही, हे मान्य. मिलिंदपञ्हात नागसेनानं रथाचे भाग मोजून दाखवले, तेही मान्य. पण वाटसरूला मिळालेलं शरीर कुणाचं तरी होतं. पिशाच्चानं ते कुठून आणलं, त्या मेलेल्याचं घर कुठलं, हे ना वाटसरू विचारतो ना भिक्षू. ‘मी कोण’ या प्रश्नात सगळे इतके गुंतले की ‘हे कुणाचं’ हा प्रश्न मागेच राहिला. आत्मा नसेल, पण घेतलेलं आहे, आणि ते ज्यानं घेतलं त्याच्याकडून फेडलं जायचं आहे. मला तरी ‘मी’ सापडतो तो तिथं. मी म्हणजे माझ्या अवयवांची मालकीण नाही. ज्यांच्यामुळे हे अवयव चालतात त्यांची मी देणेकरी आहे. मालकी नाकारली तरी देणं नाकारता येत नाही.

शतपथ ब्राह्मणात माणूस जन्मतःच चार ऋणं घेऊन येतो असं म्हटलं आहे: देवांचं, ऋषींचं, पितरांचं, माणसांचं. त्या यादीत जनावरं नाहीत, ही उणीव मला खुपते. पण त्याच ग्रंथात पाच महायज्ञ सांगितलेत आणि त्यांत भूतयज्ञ आहे. रोज जेवणाआधी प्राणिमात्रांसाठी घास काढून ठेवायचा. सासूबाई गाईचा आणि कावळ्याचा घास काढत, तेव्हा त्यांना ते पुण्य वाटे. मला त्यात हिशोब दिसतो, आणि हिशोब ठेवणं मला पुण्याहून मोठं वाटतं.

मग फेड कशी करायची? देहदानाचा अर्ज मी भरला आहे. घरात त्यावरून बोलणी झाली. क्रियाकर्माशिवाय गती कशी, हा प्रश्न मोठ्या दिरांनी प्रामाणिकपणे विचारला आणि मी प्रामाणिकपणे उत्तर दिलं की घेतलेल्यातलं थोडं परत केल्याशिवाय मला गती नको. पण मेंढ्यांना माझ्या देहाचा काही उपयोग नाही. त्यांची फेड एकच: पुढच्या मेंढ्या कमी मराव्यात.

म्हणून माझ्या भाच्याचं काम मला धर्मकार्य वाटतं. तो झडपेतून वाहणाऱ्या रक्ताचं संगणकावर गणित मांडतो. १९७२ साली न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स पेस्किन यांनी हलणाऱ्या झडपेच्या पात्याभोवतीचा प्रवाह मोजण्याची एक युक्ती शोधली, तिच्याच पुढच्या पिढ्यांत हा बसलाय. धातू किती ताण सोसेल, चकती कुठं झिजेल, कुठं रक्त थबकेल, हे तो आधी पडद्यावर बघतो. यांत्रिक झडपेला प्रमाणित चाचणीत यंत्रावर चाळीस कोटी वेळा उघडझाप करावी लागते, म्हणजे हृदयाची सुमारे दहा वर्षं. आता त्यातल्या कितीतरी चुका झडप घडण्याआधीच पकडता येतात. २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेनं कायदा बदलून नव्या औषधांसाठी प्राण्यांवरच्या चाचणीची सक्ती काढली. झडपांबाबत तेवढी मोकळीक अजून नाही.

“मावशी, रक्त अजून गणितात पूर्ण येत नाही गं,” तो म्हणतो. गुठळी केव्हा धरेल हे नुसत्या प्रवाहावरून ठरत नाही. प्राण्यांवरूनही ठरत नाही, हेही तोच सांगतो. डॅबिगॅट्रान या रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळीनं डुकरांमध्ये आशा दाखवली होती. यांत्रिक झडपेच्या माणसांवरचा प्रयोग मात्र गुठळ्या आणि रक्तस्राव वाढल्यानं अर्ध्यातच थांबवावा लागला. २०१३ साली ते निष्कर्ष आले, आणि माझ्यासारख्यांची जुनी गोळी कायम राहिली.

मी त्याला विचारलं, तुझं गणित बरोबर की चूक हे तू कशाशी ताडून बघतोस? तो म्हणाला, जुन्या प्रयोगांच्या आकड्यांशी, आणि त्यांतले काही मेंढ्यांवरचे. त्या शोधनिबंधांत मेंढ्यांची संख्या आणि वजनं दिलेली असतात. मी म्हटलं, मग तुझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात गाईडच्या नावाखाली त्यांची संख्या लिही. तो जरा गप्प राहिला. मग म्हणाला, प्रत्येक निबंधात आकडा वेगळ्या तक्त्यात असतो, बेरीज करायला वेळ लागेल. मी माझा चष्मा काढून पुसला आणि त्याला म्हटलं, पहिला निबंध आण, तक्ते मी वाचते, तू लिहून घे.