येणाऱ्या फोनची किंमत

मोबाइलचा इतिहास सांगताना बहुतेक जण हँडसेटपासून सुरुवात करतात. ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी किलोभर वजनाचं यंत्र कानाला लावलं, तिथून थेट आजच्या स्मार्टफोनपर्यंत. शहाडच्या माणसाला एवढा इतिहास पुरत नाही. आपल्याकडे फोन कुणाच्या हातात कधी पडला, ते हद्दीने आणि दराने ठरवलं.

आधी हद्द. कसारा मार्गावर कल्याण सोडलं की पहिलं स्टेशन शहाड. सेंच्युरी रेयॉन, बिर्ला मंदिर, लागूनच उल्हासनगर. नोकरी मुंबईत, लोकलचा पास मुंबईचा, पण टेलिफोन कल्याणचा. ठाण्यात एमटीएनएल आणि ०२२. कल्याण-उल्हासनगरला दूरसंचार खातं, पुढे बीएसएनएल, आणि कोड ०२५१. त्यामुळे दादरला राहणाऱ्या सख्ख्या बहिणीशी बोलायचं तरी एसटीडी. पिवळ्या पाटीच्या बूथमध्ये मीटरवरचे लाल आकडे पळत असायचे आणि बोलणाऱ्याचं अर्धं लक्ष तिकडेच. 'बाकी सगळं ठीक ना? ठेवते मग,' हे वाक्य त्या आकड्यांनीच घडवलं. घरी फोन नसलेल्यांच्या लग्नपत्रिकेवर शेजाऱ्यांचा नंबर असायचा, पुढे 'पी.पी.' अशी दोन अक्षरं. फोन आला की शेजारच्या काकू गॅलरीतून हाक मारायच्या, आणि माणूस धावत येईपर्यंत पलीकडच्याचं बिल चढत राहायचं.

१९९४ मध्ये चार महानगरांसाठी मोबाइलचे परवाने निघाले. मुंबईत बीपीएल आणि हचिसन मॅक्स या दोन कंपन्या. हचिसनची सेवा तेव्हा 'मॅक्स टच' म्हणून ओळखली जायची. या परवान्यांत मुंबई म्हणजे मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण टेलिफोन्सचं क्षेत्र. लँडलाइनने ज्या शहाडला मुंबईबाहेर ठेवलं होतं, ते मोबाइलच्या नकाशावर मुंबईत आलं. माझ्या मते कल्याणपट्ट्याच्या दृष्टीने हा निर्णय कोणत्याही हँडसेटपेक्षा मोठा होता. उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा हे वेगळं सर्कल, त्यामुळे गावी निघालं की वाटेत कुठेतरी रोमिंग सुरू व्हायचं.

पण नकाशावर आलेली गोष्ट खिशात यायला बरीच वर्षं गेली. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला, तेव्हा मिनिटाचा दर सोळा रुपयांच्या घरात जायचा. त्याहून जाचक म्हणजे आलेल्या फोनचेही पैसे. कारखान्यातला कामगार असला फोन घेणार कसा? समोरच्याने सहज विचारपूस केली तरी आपलंच बिल वाढणार.

खरं तर मोबाइलचं तंत्र दाट वस्तीला साजेसंच आहे. प्रदेशाचे छोटे छोटे भाग पाडायचे, प्रत्येकाला एक टॉवर द्यायचा आणि तीच लहर थोड्या अंतरावर पुन्हा वापरायची, ही कल्पना बेल लॅब्जमध्ये १९४७ सालीच मांडली गेली होती. माणसं जितकी दाटीने, तितकं एका टॉवरमागे गिऱ्हाईक जास्त. शहाड-उल्हासनगरसारखी वस्ती ही मोबाइलसाठी सोन्याची जागा. अडत होतं ते दरावर. १९९९ च्या दूरसंचार धोरणाने ठरावीक परवाना शुल्काऐवजी उत्पन्नातला वाटा घ्यायचं ठरवलं, स्पर्धा वाढली, आणि मे २००३ पासून इनकमिंग फुकट झालं. त्याच वर्षी टॉर्चवाला नोकिया ११०० आला आणि रिलायन्सने ५०१ रुपयांत फोन देऊ केला. रिक्षावाला, प्लंबर, पोळीभाजीवाल्या मावशी यांच्या हातात फोन आला तो इथून पुढे. पाटीवर नंबर लिहिला की काम चालून यायला लागलं.

उचलेपर्यंत पैसे लागत नाहीत, हे ध्यानात आल्यावर लोकांनी मिस कॉलची स्वतःची भाषा तयार केली. एक रिंग म्हणजे गाडी मिळाली, दोन म्हणजे कल्याण आलं, कुकर लाव. एवढ्याशा सोयीने किती घरांची संध्याकाळची घालमेल कमी केली असेल!

म्हणूनच आजचं चित्र मला बोचतं. २०१८ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी किमान रिचार्जची अट आणली. २८ दिवसांचा हिशेब म्हणजे वर्षाला १३ रिचार्ज. मुदत उलटली की आधी जाणारा फोन बंद, मग येणाराही. साध्या बटणांच्या फोनवर मुलीच्या फोनची वाट बघणाऱ्या आजींना न वापरलेल्या डेटाचे पैसे भरावे लागतात. बँकेचा ओटीपी नि गॅसचा मेसेज त्याच नंबरवर येतो, त्यामुळे तो सोडताही येत नाही. २००३ मध्ये फुकट झालेलं इनकमिंग असं मागच्या दाराने पुन्हा विकत घ्यावं लागतंय, आणि हे चूक आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवायला परवानगी दिली. दुकानात तो आपणहून कुणी पुढे करेलच असं नाही. या दिवाळीत घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नंबरवर कोणता प्लॅन चालू आहे ते बघा, आणि डेटा लागत नसेल तर हा पॅक नाव घेऊन मागा.